नायिकेला दोष कुठून आणायचा?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. वय ३९. औषधाच्या दुकानात हिशेब बघते. गेली ३ वर्षं रात्रीची जेवणं आटोपली की एक कादंबरी लिहितेय. नायिका सुमन, अंगणवाडी सेविका. नवरा अपघातात जातो, पदरात दोन मुलं. सासरचे हात वर करतात. तेराव्याच्या खर्चाला तिचा धाकटा भाऊ चार हजार रुपये देतो, ते ती मानधनातून मागे टाकून वर्षभरात परत करते. अंगणवाडीला धड खोली नसते, म्हणून सरपंचाच्या दारात चार-चार वेळा जाऊन ती खोली मिळवते. पुढे भाऊ भाचीला अकरावीसाठी कोल्हापूरला न्यायला तयार होतो, पण सुमन कुणाचे उपकार घेत नाही. मुलगी जवळच्याच कॉलेजात शिकते, तिचं चांगल्या घरी लग्न होतं. मुलगा फौजेत जातो. शेवटी सुमनच्या निरोपसमारंभात सगळं गाव रडतं.

माझ्या मैत्रिणीने हस्तलिखित वाचलं आणि म्हणाली, "सुमन फार चांगली आहे गं, पण तिच्या घरी चहाला जावंसं वाटत नाही." मला ते लागलं. मग मी सुमनला थोडे दोष दिले. ती तापट केली, विसराळू केली, पालीला घाबरते असा एक प्रसंग घातला. मैत्रीण म्हणते, अजून तसंच वाटतंय. दोष घालायचे तरी कसे? आणि जास्त घातले तर ती वाचकांना आवडेनाशी होईल का?

ता. क. सुमन म्हणजे बरीचशी माझी आईच. ती दोन वर्षांपूर्वी गेली.

उत्तर : नमस्कार.

पालीचा प्रसंग काढून टाका आणि त्या जागी काही हललं का ते बघा. पुढचं पान तसंच्या तसं चालू राहत असेल, कुणाचं काही बिघडलं नसेल, तर तो दोष नव्हता. ती एक सवय होती. विसराळूपणाचंही तसंच. सुमन चष्मा विसरते, किल्ली विसरते, आणि दोन ओळींनी ती सापडते. अशा खोडींनी माणूस ओळखू येतो, गर्दीत वेगळा दिसतो, त्या असाव्यातही. पण त्यांच्यामुळे कुणाचा दिवस वाईट जात नाही. मैत्रिणीला चहाला जावंसं वाटलं नाही, ते त्यामुळेच. सुमनच्या घरात तिच्या स्वभावाचा त्रास कुणालाच होत नाही. असं घर आपल्यापैकी कुणी पाहिलेलं नाही.

तापटपणाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण हस्तलिखितं वाचताना हा शब्द मला सतत भेटतो. 'ती तापट होती' असं लिहून लेखक पुढे जातो. आपल्या भाषेत रागाचे किती प्रकार आहेत बघा. कुणी फणकारते आणि पाच मिनिटांत विसरते. कुणी धुसफुसत भांडी आदळते. कुणी आठ-आठ दिवस अबोला धरते, पण ताट मात्र वेळेवर वाढते. कुणी त्या क्षणी हसून घेते आणि तीन वर्षांनी बारशाच्या घरात चारचौघांत टोमणा मारते. कुणी नवऱ्यावरचा राग पोरांवर काढते. कुणाचा राग एवढा थंड असतो की तो राग आहे हे समोरच्याला घरी गेल्यावर कळतं. या सहा बायका आहेत, आणि त्यांच्या सहा वेगळ्या कादंबऱ्या होतील. 'तापट' म्हटलं की सहाही पुसल्या जातात. माणसाच्या स्वभावासाठी मराठीत इतके बारीक शब्द आहेत: हेकट, मानी, भिडस्त, आतल्या गाठीचा, लागट, कोरडा, हातचं राखून वागणारा, केलेलं बोलून दाखवणारा. हे शब्द बायका ओट्यावर बसून वापरतात तेव्हा प्रत्येकीच्या डोळ्यासमोर एक खरं माणूस असतं. तुमच्या सुमनसाठी त्यातला कुठला शब्द गावातल्या बायका वापरतील? ती समोर नसताना?

मला वाटतं, त्या म्हणतील, "मानी आहे."

आणि तो मानीपणा तुम्ही बाहेरून आणून चिकटवायची काहीच गरज नाही. तो तुमच्या कथानकात पहिल्यापासून आहे. तुम्ही तो गुण म्हणून लिहिलात आणि त्यावरून घाईने पुढे गेलात. पत्रातली तुमचीच ओळ परत वाचा: 'भाऊ भाचीला अकरावीसाठी कोल्हापूरला न्यायला तयार होतो, पण सुमन कुणाचे उपकार घेत नाही.' सगळ्या पत्रात मी अडखळले ती याच ओळीपाशी. उपकार सुमनवर होणार होते, पण शिक्षण मुलीचं होतं. स्वाभिमान आईचा राहिला, किंमत मुलीने मोजली. तुमच्या कादंबरीचं काळीज इथे आहे आणि तुम्ही त्याला एक ओळ दिलीत.

महाभारतातला धर्मराज आठवा. द्यूताचं निमंत्रण घेऊन विदुर येतो आणि हा जुगार अनर्थाचं मूळ आहे हेही सांगून टाकतो. धर्मराजालाही ते कळतं. तरी तो जातो, कारण वडीलधाऱ्यांची आज्ञा मोडायची नाही आणि कुणी आव्हान दिलं तर मागे फिरायचं नाही, हे त्याचं व्रत आहे. म्हणजे ज्या गुणामुळे तो धर्मराज, तोच त्याला पटापाशी नेऊन बसवतो. संपत्ती जाते, राज्य जातं, भाऊ जातात, तो स्वतःला हरतो आणि मग द्रौपदीला पणाला लावतो. आणि ती आतून निरोप पाठवते : आधी स्वतःला हरलात की मला? भीष्मांनाही त्या प्रश्नाचं धड उत्तर देता येत नाही. व्यासांनी धर्मराजाचा दोष आपल्याला समजावून सांगितला असता तर तो एक उपदेश झाला असता. त्यांनी तो दोष ज्या बाईच्या अंगावर येऊन पडला तिच्या तोंडी एक प्रश्न दिला. म्हणून दोष घडवताना मी नेहमी दोन गोष्टी विचारते. हा कुठल्या गुणाच्या पोटातून आला? आणि याची झळ कुणाला लागली? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो दोष कागदावरच राहतो.

पुढे द्रोणपर्वात हाच माणूस 'नरो वा कुंजरो वा' म्हणतो आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. एका अर्ध्या खोट्याची एवढी मोठी खूण कशाला? कारण खोटं न बोलणं हेच त्याचं असणं होतं. शकुनी तेच बोलला असता तर कुणी मान वळवूनही पाहिलं नसतं. तुमची सुमन एखाद्या दिवशी कुठे खाली टेकेल ते याच रीतीने शोधा. जी गोष्ट ती कधीच करणार नाही असं सगळं गाव छातीठोकपणे सांगतं, तिथे बघा.

आता कोल्हापूरचा प्रसंग. मी तो लिहून बघितला. तुमच्या कादंबरीत घालण्यासाठी नाही, मला काय म्हणायचंय ते दिसावं म्हणून. मुलीचं नाव मी रूपा धरलंय.

मामा खाटेच्या कडेला बसला होता, हेल्मेट मांडीवर. आई खाली सतरंजीवर रजिस्टर उघडून मुलांची वजनं उतरवत होती.

"आक्का, रूपीला सायन्सला घालू. कॉलेज आमच्या घरापासनं दहा मिनिटांवर हाय. तिची मामी पण म्हणाली, वरची खोली रिकामीच असती."

आईने पट्टी ठेवून रेघ मारली. "बघू."

"बघू काय? फॉर्मची तारीख आली जवळ."

आई उठली. फळीवरच्या डब्यातून निळी वही काढली आणि मामासमोर उघडून धरली. "तेराव्याचे चार हजार. हे बघ, शेवटचे पाचशे दिवाळीला दिलेत. फिटलंय न्हवं सगळं?"

मामाने वहीकडे बघितलं नाही. "मी काय मागायला आलोय का, आक्का?"

आत रूपा चहा गाळत होती. गाळणं कपावर तसंच धरून ती उभी राहिली.

"तसं न्हाई रे. पण हिशेब चोख असलेला बरा," आई म्हणाली आणि परत रजिस्टरपाशी येऊन बसली.

मामा निघाला तेव्हा त्याच्या कपातल्या चहावर साय धरली होती.

यात सुमन चिडत नाही, ओरडत नाही, साधं 'नाही' सुद्धा म्हणत नाही. ती फक्त एक वही दाखवते. वही मी घातली, पण तिच्यातला चार हजारांचा हिशेब तुमच्या कथानकात तिच्या सचोटीची खूण आहे. तोच हिशेब इथे भावाच्या तोंडावर दार लावतो आणि आत उभ्या असलेल्या मुलीला ते ऐकू जातं. 'सुमन फार मानी होती' हे वाक्य लेखिकेने कुठेही लिहायची गरज नाही. लिहिलंत तर वही फुकट जाईल.

आता हा प्रसंग सरपंचाच्या प्रसंगाशेजारी ठेवून बघा. गावातल्या दुसऱ्यांच्या पोरांना बसायला खोली मिळावी म्हणून ही बाई चार वेळा सरपंचाच्या उंबऱ्यावर जाते, अपमान गिळते, पदर पसरते. स्वतःच्या पोरीसाठी सख्ख्या भावासमोर एकदा मान वाकवत नाही. हे दोन्ही एकाच बाईचं वागणं आहे, आणि दोन्ही खरं आहे. अशी विसंगती दिसली की वाचक पानावर पुढे झुकतो. तो मनात विचारतो, असं का? तुम्ही लगेच उत्तर देऊ नका. लहानपणी सुमनच्या आईला कुणी तरी उसन्या शेरभर ज्वारीवरून हिणवलं होतं, असा मागचा प्रसंग आणून तिचा मानीपणा सोडवून दाखवण्याचा मोह होईल. तो आवरा. सासरच्यांनी हात वर केले हे वाचकाने पाहिलंय. विधवा बाईने एक उपकार घेतला की गाव दुसरा मोजायला लागतं, हेही आपल्याकडच्या वाचकाला सांगावं लागत नाही. तिच्या वागण्यामागे कारण आहे हे त्याला जाणवलं म्हणजे पुरे.

आणखी एक, आणि हे संवाद लिहिताना फार कामाला येतं. स्वतःच्या दोषाला माणूस नेहमी चांगल्या नावाने हाक मारतो. चिकट माणूस म्हणतो, आम्ही काटकसरी. घालूनपाडून बोलणारा म्हणतो, माझं तोंड फटकळ पण मन साफ. सुनेच्या प्रत्येक डब्यात नाक खुपसणारी सासू म्हणते, काळजी वाटते म्हणून विचारते. सुमन काय म्हणते? 'हिशेब चोख असलेला बरा.' हे वाक्य तिच्या तोंडी कादंबरीत तीन-चारदा येऊ द्या, वेगवेगळ्या जागी. पहिल्यांदा वाचकाला तिचा अभिमान वाटेल. तिसऱ्यांदा पोटात गोळा येईल. मग त्याच गोष्टीला बाकीचे काय म्हणतात ते एका कागदावर उतरवा. जावा म्हणतील ताठा. भाऊ म्हणेल, आक्काचा स्वभावच तसा. पर्यवेक्षिका म्हणतील, रजिस्टर बघावं तर सुमनबाईंचं. अंगणवाडीतली मदतनीस काय म्हणेल? तिला कधी सुमनने रजिस्टरला हात लावू दिलाय? आणि रूपा काय म्हणेल? मला वाटतं, रूपा काहीच म्हणत नाही. तिचं गप्प राहणं तुम्हाला पुढची शंभर पानं पुरेल.

कारण रूपाचं पुढचं आयुष्यही तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलंय. चांगल्या घरी लग्न झालं. ठीक आहे. पण त्या वहीच्या सावलीत वाढलेली मुलगी सासरी कशी वागेल? बाळंतपणात पैसे कमी पडले तर ती आईकडे मागेल? आजारी पडली तर आईला फोन करेल, की बरी झाल्यावर कळवेल? जर तिने कळवलंच नाही आणि सुमनला ते तिसऱ्याच कुणाकडून कळलं, तर त्या दिवशी सुमन काय करेल? आईचा दोष लेकीत उतरतो तेव्हा तो आईला पहिल्यांदा बाहेरून दिसतो. निरोपसमारंभ ठेवा, गाव रडू दे, पण त्या मंडपात रूपा कुठे बसलीय आणि मामा आलाय का, हे लिहिल्याशिवाय तो पुरा होणार नाही.

वाचकांना ती आवडेनाशी होईल का, या प्रश्नावर मला फार वेळ घालवावासा वाटत नाही. नटसम्राट १९७० साली रंगभूमीवर आलं. त्यातले गणपतराव बेलवलकर जिभेला लगाम नसलेले, घरातही रंगमंचावरच असल्यासारखे वागणारे, आणि भावनेच्या भरात सगळी कमाई मुलांना देऊन टाकणारे. त्याची झळ त्यांच्या कावेरीला लागते. म्हणून प्रेक्षकांनी त्यांना सोडलं का? वाचक चुकणाऱ्या माणसावर प्रेम करतो. तो पाठ फिरवतो, लेखक वकिली करायला लागला की. सुमन चुकली की लगेच पुढच्या परिच्छेदात तिने कुणाचा तरी जीव वाचवायचा, असं करू नका. आणि शेवटच्या प्रकरणात तिला एकदम उपरती होऊन ती वही चुलीत घालते, असंही नको. चाळीस वर्षं सांभाळलेला स्वभाव एका संध्याकाळी जळत नाही. फार तर ती एखाद्या पानावर काही लिहायला घेईल आणि न लिहिता वही मिटेल.

दोष एकच पुरे. तापटपणा, विसराळूपणा, पाल, सगळं काढा. एका मानीपणाने घरातल्या किती गोष्टींना हात लावलाय ते शोधत गेलात तरी हस्तलिखिताची अर्धी पानं पुन्हा लिहावी लागतील.

आता ता. क. तुम्ही तो शेवटी लिहिलात, पण मला वाटतं सगळं पत्र त्याच्यासाठी होतं.

पंचविशीत असताना मी माझ्या आजोबांवर एक कथा लिहिली होती. आषाढात वारी आमच्या गावावरून जायची. आजोबा रस्त्यावर उभे राहून वारकऱ्यांना हाताला धरून पंगतीला आणायचे. त्यांची पत्रावळ स्वतः उचलायचे. ते सगळं मी फार मायेने लिहिलं. माझ्या मावसबहिणीने कथा वाचली आणि विचारलं, "हे कुणाचे आजोबा?" मला राग आला. पण ती बरोबर होती. आमचे आजोबा घरातल्या साखरेच्या डब्याला कुलूप लावायचे. किल्ली जानव्याला. आजीला पाहुण्यांच्या चहासाठीसुद्धा त्यांच्यापुढे जाऊन हात पसरावा लागायचा, आणि ते पूजेत असले तर पाहुणे तसेच बसून राहायचे. हे मी वगळलं होतं, त्यांच्यावर माया होती म्हणून. वगळल्यामुळे कथेत उरले ते कॅलेंडरवरच्या चित्रातले आजोबा. पुढे किल्लीसकट लिहिलं तेव्हा माझ्या आईला कथेत तिच्या वडिलांच्या धोतराचा वास आला. ती रडली, आणि मग साखरेबद्दल आम्ही दोघी पहिल्यांदा बोललो.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये असं आपल्याला शिकवलेलं असतं. ते मी समजू शकते. दोन वर्षं म्हणजे काहीच नाही. म्हणून एक करा. सुमनला तुमच्या आईपासून थोडी दूर न्या. गाव बदला, मुलांचा क्रम बदला, आईच्या तोंडचं एखादं खास वाक्य असेल तर ते तुमच्यापाशीच ठेवा, कादंबरीत घालू नका. जे फक्त तुम्हा मायलेकींत घडलं, ते छापायला तुम्ही बांधलेल्या नाही. पण स्वभावाचा कणा तोच राहू द्या. नाव बदललं, घर बदललं की हात मोकळा होतो, असा माझा अनुभव आहे.

कोल्हापूरला न गेलेली मुलगी तुम्हीच आहात का, हे मी विचारत नाही. असाल, तर एक काळजी घ्या. रूपाच्या बाजूने लिहिताना लेखणी फार वेगाने धावेल. धावू द्या. पण ते प्रकरण आरोपपत्र होऊ नये म्हणून, तोच दिवस सुमनच्या बाजूनेही लिहा. भाऊ आलाय, त्याने विचारलंय, आणि तिला मनातून मुलीला पाठवायचंय. हे शेवटचं विसरू नका. पाठवायचंच नसेल तर वही दाखवण्यात काही विशेष उरत नाही. तिला पाठवायचंय आणि तिचा हात तरी वहीकडेच जातो, हे लिहायला अवघड आहे, पण तुम्हाला ते जमेल, कारण वही माझी असली तरी चार हजारांचा हिशेब तुम्हाला सुचला आहे.

सगळं हस्तलिखित एकदम उघडू नका. आधी एवढाच प्रसंग लिहा, दोन्ही बाजूंनी, आणि मैत्रिणीला वाचायला द्या. सुरुवात सुचत नसेल तर मामाची गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर तो चहाचा कप कुणी उचलला, तिथून लिहायला घ्या.